जुन्या गाडीची डुगडुग

जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचे दुखणे कानाला कळते, म्हणून ते सौद्याआधी कळते. चालीचे दुखणे हाताला आणि बुडाला कळते, म्हणून ते सौद्यानंतर कळते. घेणारा किक मारतो, मान तिरकी करून इंजिन ऐकतो, सायलेन्सरमागे तळहात धरून धुराचा वास घेतो आणि सोबत आणलेल्या भाऊजींकडे पाहतो. भाऊजी पुढच्या टायरला एक लाथ मारतात. टायर काही बोलत नाही, म्हणून तो चांगला ठरतो. हॅंडल डुगडुगते हा शोध दोन दिवसांनी लागतो. तोवर गाडी गावाबाहेर पोचलेली असते, वेग ताशी पन्नासच्या आसपास असतो आणि मागच्या सीटवर भाऊजीच असतात.

चालीचे आजार मुख्यतः पाच. हॅंडल भरभर डावी-उजवीकडे थरथरते ती डुगडुग. ती बहुधा ताशी ४० ते ६० च्या दरम्यान, वेग कमी होत असताना दिसते. वेग वाढल्यावर किंवा मागे ओझे असताना अख्खी गाडी कमरेतून संथ झुलते ती लहर. हात सैल सोडताच गाडी एकाच बाजूला निघते ती ओढ. सरळ जाताना हॅंडल खाचेत बसल्यासारखे वाटते आणि बारीक वळण घ्यायला कुरकुरते ती अडक. चाकाच्या दर फेऱ्याला सीट एकदा वर येते ती उडी. विकणाऱ्याच्या शब्दकोशात मात्र या पाचही आजारांना मिळून एकच नाव आहे: "रस्ता खराब हाये जी."

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात हे उत्तर नेहमीच खोटे असते असे नाही. रोवणीच्या दिवसांत लोखंडी केजव्हील लावलेले ट्रॅक्टर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना डांबरावरूनच जातात आणि रस्त्यावर दातांची रांगोळी काढून ठेवतात. तरीही गाडी तपासायला या गावाइतकी सोय थोड्याच ठिकाणी असेल. गोंदियाकडे जाणारा चाळीसएक किलोमीटरचा रस्ता धानाच्या बांध्यांमधून सपाट जातो. डुगडुग आणि ओढ तिथे कळते. बैहरकडे निघाले की गांगुलपाऱ्याच्या पुढे घाट लागतो. लहर आणि अडक तिथे कळते. बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश, पण हे नाव धारण करणारे गाव घाटाखाली वैनगंगेच्या काठी वसले आहे. कागदावर एक आणि जागेवर दुसरे, ही स्थिती जुनी गाडी घेणाऱ्याला ओळखीची वाटेल. १८६७ मध्ये हा जिल्हा भंडारा, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. इथे विकायला उभ्या असलेल्या काही गाड्यांची जन्मकथाही हीच आहे: इंजिन एकीचे, पुढचे शॉकअप दुसरीचे, टाकी तिसरीची.

गाडी मुळात सरळ का जाते, हे माहीत असले की ती वाकडी का जाते ते कळायला सोपे पडते. हॅंडलचा दांडा तिरपा असतो. त्याची रेघ तशीच खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. त्यामुळे चाक त्या रेघेच्या मागे मागे ओढले जाते आणि आपोआप सरळ होते. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची फिरती चाकेही याच तत्त्वावर दिशा धरतात. त्यांतले एखादे चाक झिजले की ते कसे फडफडते, हे स्ट्रेचर ढकलणाऱ्या नातेवाइकांनी पाहिलेले असते. मोटारसायकलवर फडफड तीच असते, फरक इतकाच की इथे नातेवाईक वर बसलेले असतात.

निदानाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो: आधी हवा, मग टायर, मग चाक, मग हॅंडलचे छर्रे, शॉकअप, मागचा चिमटा आणि सर्वांत शेवटी चेसिस. गावात तो उलटा चालतो. हॅंडल हलते म्हणून पहिल्या दिवशी हॅंडलचा नट कसला जातो, दुसऱ्या दिवशी छर्रे बदलले जातात, आठवड्याने शॉकअप उघडले जातात, आणि महिन्याने पंक्चर काढायला गेल्यावर तिथला पोरगा सांगतो, "काका, हवाच नाही याच्यात."

हवा अंगठ्याने दाबून कळत नाही. चार पदरी टायर निम्म्या हवेवरही अंगठ्याला दगडासारखा लागतो. लाथेने तर त्याहून कमी कळते. प्रेशर गेज लागतो आणि गाडी थंड असावी लागते, कारण चालून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो. म्हणून गाडी पाहायला सकाळी जावे आणि विकणारा "आत्ताच चालवून आणली जी" म्हणाला तर चहा मागावा. शंभर सीसीच्या साध्या गाडीला पुढे साधारण २५ आणि मागे २८ पौंड हवा एकट्यासाठी पुरते. मागे माणूस बसला की मागच्या चाकाला ४० च्या आसपास लागते. गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वाणाच्या धानाचे पोते २८ पौंडांवर चालणाऱ्या मागच्या चाकावर लादले, तर गाडी मिलपर्यंत लहरत जाते आणि त्याचे खापर शॉकअपवर फुटते. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेल्या दूधवाल्याच्या गाडीचेही तसेच; तिची लहर अर्धी हवेची आणि अर्धी दुधाची असते.

हवा बरोबर असूनही आजार राहिला तर टायरकडे वळावे. हवेचा टायर १८८७ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप याने मुलाच्या तिचाकी सायकलसाठी बनवला आणि तिथून तो जगभर रुळला. डनलप व्यवसायाने गुरांचा डॉक्टर होता. ज्याचा रोगी तोंडाने काही सांगत नाही अशा माणसाच्या हातून टायर घडला, हे योग्यच झाले. पाहायचे, चाचपायचे, फिरवून बघायचे आणि मालकाच्या सांगण्यावर फारसे विसंबायचे नाही, ही गुरांच्या डॉक्टरची रीत टायरला आजही तंतोतंत लागू पडते.

पहिली गोष्ट टायरचे वय. बाजूच्या भिंतीवर चार आकडे ठसवलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. "टायर मागल्याच महिन्यात टाकले बापा" हे वाक्य या चार आकड्यांपुढे उभे राहत नाही. फार तर टायर मागल्या महिन्यात बसवला असेल. जन्मला कधी ते भिंतीवर लिहिलेले आहे. वापर नसला तरी रबर म्हातारे होते. ऊन आणि हवा लागून भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा येतात, विशेषतः गाडी वर्षभर अंगणात कमी हवेवर उभी असेल तर. "गाडी चाललीच नाही, घरीच उभी होती" हे म्हणूनच कौतुक नसून लक्षण आहे.

दुसरी गोष्ट नक्षी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरहून कमी खोल चालत नाही. नक्षीच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायरचे आयुष्य संपले. यावर बाजाराने दोन उपाय शोधले आहेत. एक काळे पॉलिश. दुसरा कटिंग, म्हणजे गुळगुळीत टायरवर तापलेल्या पात्याने नवी नक्षी कोरणे. कोरलेल्या टायरची खाच खोल दिसते, पण तिच्या तळाशी रबर उरलेलेच नसते, काही ठिकाणी आतले दोरेही दिसतात. नखाने खाचेची कड चाचपावी: कारखान्यातल्या साच्याची कड एकसारखी गोलसर आणि गुळगुळीत असते, हाताने कोरलेली कड धारदार आणि थोडी चुकलेली असते. पॉलिशसाठी वेगळ्या परीक्षेची गरज नाही. तपासणारा घरी गेल्यावर त्याचा हात धुणारी साबणाची वडी निकाल देते.

तिसरी गोष्ट झिजेचा आकार, आणि टायरचे खरे आत्मचरित्र तेच. मधोमध सपाट झिजलेला मागचा टायर म्हणजे हवा जास्त राहिली, किंवा गाडी सारे आयुष्य सरळ रस्त्यावर चालली. असा चौकोनी झालेला टायर गोंदियाच्या रस्त्यावर गुणी वाटतो. बैहरच्या घाटात पहिल्या वळणाला गाडी आडवी होता होता अचानक कडेवर पडल्यासारखी होते, कारण मधल्या सपाटीची आणि बाजूच्या गोलाईची धार तेव्हाच ओलांडली जाते. दोन्ही बाजू झिजल्या आणि मधे नक्षी शाबूत असेल, तर हवा कमी राहिली. एकाच जागी एवढासा सपाट चट्टा असेल, तर कधीतरी ब्रेक जाम होऊन चाक घासत गेले. कुत्रे वाचले की नाही ते टायरवरून कळत नाही. पुढच्या टायरवर हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला, किंवा वाट्यावाट्यांसारखे खड्डे पडलेले दिसले, तर डुगडुगीचा बहुतेक उलगडा तिथेच झाला. असा टायर चालताना घूंऽऽ असा आवाज करतो आणि मालक तो इंजिनाचा दमदारपणा म्हणून सांगतो. या खड्ड्यांच्या मागे बहुधा कमजोर शॉकअप किंवा कमी हवा असते. ती दुरुस्त न करता नवा टायर टाकला तर काही महिन्यांत तोही वाट्या पाडून घेतो.

चौथी गोष्ट दिशा आणि जागा. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो आणि तो पुढे जाणाऱ्या चाकाशी जुळायला हवा. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरच्या जुन्या मॉडेलांत पुढचे आणि मागचे दोन्ही टायर २.७५-१८ मापाचे. माप एकच असल्यामुळे मागचा झिजलेला टायर पुढे आणि पुढचा बरा टायर मागे, अशी अदलाबदल घराघरांत होते. पुढच्या टायरची नक्षी लांब रेघांची असते, ती दिशा धरायला. मागच्याची ठोकळ्यांची असते, ती जमीन ढकलायला. शिवाय पुढचा चार पदरांचा आणि मागचा सहा पदरांचा. मापाने दोघे भाऊ असले तरी कामाने वेगळे आहेत.

पाचवी गोष्ट भिंत आणि वॉल्व्ह. भिंतीला फुगवटा असेल तर खड्ड्यात आपटून आतले दोरे तुटलेले आहेत. हा टायर कधी फुटेल एवढाच प्रश्न उरतो. ट्यूबचा वॉल्व्ह रिंगेतून सरळ उभा यायला हवा. तो तिरका झुकला असेल तर कमी हवेमुळे टायर रिंगेवर सरकला आणि ट्यूबला सोबत ओढत नेले. रिंगेला लागून टायरवर एक बारीक उठावाची रेघ असते. ती सगळीकडे रिंगेपासून सारख्याच अंतरावर हवी. एका ठिकाणी ती रिंगेत बुडालेली दिसली तर टायर नीट बसलेला नाही. तोच उडीचा उगम. पंक्चरवाल्याकडून साबणाचे पाणी लावून टायर पुन्हा बसवून घेतला की उडी जाते. या आजारासाठी लोकांनी शॉकअप बदलल्याची उदाहरणे कमी नाहीत.

टायर निर्दोष निघाला तर गाडी डबल स्टॅंडवर घ्यावी आणि चाक फिरवावे. चिमट्याला टेकवून रिंगेजवळ एक काडी स्थिर धरली की रिंग डावी-उजवीकडे किती झुलते ते दिसते. मिलिमीटरभर झुलली तर चालते. पाच मिलिमीटर झुलली तर ती रिंग आऊट. स्पोकवर पान्याने हळूच टिचकी मारत जावे. ताणलेला स्पोक टणकन वाजतो, सैल स्पोक भद्द. सगळे एका सुरात वाजले तर चाक ठीक. कुठे भजन आणि कुठे ढोल असेल तर चाक कसून घ्यावे. त्यानंतर चाक वरून आणि खालून धरून आडवे हलवावे. टकटक लागली तर बेअरिंग गेलेले.

मग हॅंडल. मागे एकाने भार देऊन पुढचे चाक उचलावे. भाऊजींचा या शास्त्रातला खरा उपयोग हाच. दोन्ही शॉकअपची खालची टोके धरून पुढे-मागे ढकलली आणि हॅंडलच्या मानेत टक असा आवाज आला, तर छर्रे सैल आहेत. आवाज नाही, पण हॅंडल सावकाश फिरवताना नेमक्या मध्यावर खाच लागते, तर छर्ऱ्यांच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत. गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते आणि प्रत्येक खड्ड्याचा मार छर्रे त्याच त्या जागी वाटीत ठोकत राहतात. त्यामुळे खाच मधोमधच पडते. इथे नट कसणे हा उपाय नव्हे. कसलेले हॅंडल डुगडुगत नाही हे खरे, पण ते वळतही नाही. बाजारातून हळू जाताना गाडी झिंगलेल्या माणसासारखी एकदा या दुकानाकडे, एकदा त्या दुकानाकडे जाते, आणि पोलीस मालकाच्या तोंडाचा वास घेतो.

शॉकअपची परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक धरून हॅंडल खाली दाबावे आणि सोडावे. गाडी वर येऊन थांबली तर तेल आहे. दोनतीनदा पाळणा हलला तर तेल संपले. चकचकीत नळीवर बोट फिरवल्यावर तेलाचे कडे लागले तर ऑइल सील फुटले. सौद्याच्या सकाळी नळी पुसलेली असते, म्हणून दहा-बारा वेळा दाबून मग पाहावे. मागच्या दोन शॉकअपच्या स्प्रिंगखाली कमी-जास्त करायच्या खाचा असतात. डावा पहिल्या खाचेवर आणि उजवा चौथीवर असेल, तर गाडी वाकडी का चालते याचे उत्तर पान्याच्या दोन फिरक्यांत मिळते.

मागच्या चाकाला धरून ठेवणारा दोन पायांचा लोखंडी सांगाडा म्हणजे चिमटा. मागचे चाक धरून आडवे हलवल्यावर फक्त चाक हलले तर बेअरिंग. चाक आणि चिमटा मिळून हलले तर चिमट्याचे बुश झिजलेले. या दोन दोषांची गल्लत झाली की एकाचे पैसे दुसऱ्याला जातात. मूळ सूत्र ध्यानात ठेवायला सोपे आहे: पुढचा दोष हाताला कळतो, मागचा बुडाला. हॅंडल स्थिर आणि कंबर झुलते तर मागे शोधावे. हॅंडल नाचते आणि कंबर स्थिर, तर पुढे.

दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, हे सुतळी सांगते. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या दिसल्या तरी त्यांच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. मागच्या टायरच्या पाठीमागून सुतळी आणून जमिनीपासून वीतभर उंचीवर पुढच्या चाकापर्यंत ताणावी, दोन्ही बाजूंना. पुढचे-मागचे टायर एकाच रुंदीचे असतील तर सुतळी प्रत्येक टायरला दोनदा, अशी चार ठिकाणी टेकते. मागचा रुंद असेल तर पुढच्या चाकापाशी दोन्ही बाजूंना सारखी फट राहते. एका बाजूला बोट जाते आणि दुसऱ्या बाजूला मूठ, तर चेनचे नट सैल करून मागचे चाक रेषेत आणावे. मग ओढ बहुधा जाते.

शेवटी रस्ता. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी साठवर नेऊन अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि वेग उतरताना पकड सैल करावी, पण दोन्ही हात हॅंडलवरच राहू द्यावेत. हात सोडून चालवून दाखवणारा विक्रेता गाडीची परीक्षा देत नसतो, स्वतःची देत असतो.

इतके सारे करूनही ओढ उरली, सुतळी जुळत नाही, आणि हॅंडलला दोन्हीकडे अडवणारे मानेजवळचे लोखंडी कान चेपलेले किंवा तुटलेले दिसले, तर गाडी कधीतरी समोरून आदळलेली आहे. हॅंडलच्या मानेखाली रंगाला सुरकुत्या असतील, किंवा तेवढ्याच जागी नवा रंग असेल, तर शंका उरत नाही. चेसिसचा नंबर कागदावरच्या नंबरशी त्याच वेळी ताडून पाहावा. गोंदियाकडची एमएच ३५ क्रमांकाची गाडी बालाघाटात आणून एमपी ५० करायची असेल, तर तिकडच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, मिळेल याची खात्री करून घ्यावी. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

हवा भरता येते, टायर बदलता येतो, स्पोक कसता येतात, छर्रे, सील आणि बुश नवे टाकता येतात, आणि त्या प्रत्येकाचे पैसे किमतीतून कापून मागता येतात. चेसिस वाकलेली गाडी मात्र कोणत्याही किमतीला घेऊ नये, भाऊजींनी कितीही लाथा मारून ती पास केली असली तरी.